बाप्तिस्म्याच्या हौदातील मासे

गिरगाव, सोमवार, १ सप्टेंबर २०२५

प्रफुल्लता मनमोहन आढाव,

सलाम.

मृतांशी संभाषण करणे आपल्या मंडळीस मान्य नाही, हे तुला माझ्याइतकेच ठाऊक आहे. म्हणून प्रारंभीच स्पष्ट करतो की हे संभाषण नव्हे, हे केवळ कळवणे आहे. उत्तराची अपेक्षा नाही. ज्यांना उत्तर येणार नाही हे लिहितानाच माहीत होते, अशी पुष्कळ पत्रे मी महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात असताना लिहिली आहेत. त्यामुळे मला त्याची सवय आहे.

कळवण्याचे कारण असे. काल उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतले. रेव्ह. गौतम शिंगे तरुण आहेत आणि विधुर दिसला की त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. म्हणाले, "अंकल, बाईंच्या जागी सृष्टी-संगोपन समितीचे निमंत्रक तुम्ही व्हा."

मी म्हणालो, "माझी सारी नोकरी डास मारण्यात गेली. सृष्टीशी माझा संबंध तिचा काही भाग नष्ट करण्यापुरताच आला."

"म्हणजे अनुभव आहे," ते म्हणाले.

नकार देण्यासाठी मी योग्य शब्द शोधत होतो, तेवढ्यात त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना सुरू केली. प्रार्थनेच्या मध्येच नकार देणे शिष्टसंमत नसल्याने मी आमेन म्हणालो.

अंगणाच्या किल्ल्या तुझ्या पर्समध्ये होत्या. ती पर्स मी मार्चपासून उघडली नव्हती. काल उघडली. किल्ल्यांबरोबर अर्धी लिमलेटची गोळी निघाली, कागदात नीट गुंडाळलेली. उपदेश लांबला की तू ती तोंडात टाकत असस. त्या शेवटच्या रविवारी उपदेश लवकर संपला असावा. गोळी होती तेथेच ठेवली आहे.

आज देवळामागील अंगणाची पाहणी केली. मंडळी त्यास 'आढावबाईंची बाग' म्हणते. मी तेथे कधी गेलो नव्हतो, कारण रविवारी मला साठलेल्या पाण्याचा विषय नको असे, आणि तू तर थेट हौदच भरून ठेवला होतास. पाहणीचा निष्कर्ष: कढीपत्ता उत्तम. सुकलेली फुले आणि भाजीचे देठ यांचा खतखड्डा दुर्गंधीरहित, हे मान्य करणे भाग आहे. अळू वाजवीपेक्षा जास्त. बाप्तिस्म्याचा हौद छपराच्या पन्हळीचे पाणी येऊन भरलेला. मासे सुखरूप आहेत.

एक अप्रिय बाब. नाना साळवे यांनी पंचमंडळीपुढे ठराव आणला आहे की हौद बुजवावा, संपूर्ण अंगणात पेव्हर ब्लॉक बसवावेत आणि तेथे मंडळीच्या गाड्या लावाव्यात. पाच ऑक्टोबरच्या उपासनेनंतर निर्णय होईल. व्यक्तिशः मला त्यावर काही म्हणायचे नाही. तथापि, अंगण गेल्यास किल्ल्यांचे प्रयोजन उरणार नाही आणि त्या परत कराव्या लागतील. त्या इतक्यात परत कराव्यात असे मला वाटत नाही. याचे कारण प्रशासकीय आहे.

आपला विश्वासू,
मनमोहन आढाव

गिरगाव, रविवार, ७ सप्टेंबर

प्रिय प्रफुल्लता,

मागील पत्रातील एका विधानाची दुरुस्ती आवश्यक आहे. 'मासे सुखरूप आहेत' असे मी लिहिले होते. ते आता खरे आहे. तेव्हा नव्हते.

घडले ते असे. मी दार उघडले, समोर हौद पाहिला, त्यात साठलेले पाणी पाहिले, आणि माझा हात आपोआप पुढे गेला. आठवड्यातून एक दिवस पाण्याचे सर्व साठे कोरडे करा, हे मी गिरगावातल्या, परळातल्या, लालबागेतल्या चाळींना आयुष्यभर सांगत आलो. कोणी ऐकले नाही, तेव्हा मी स्वतः त्यांची पिंपे उपडी केली. हौदाच्या तळाशी जुने पितळी बूच होते, त्याची साखळी काठापर्यंत आलेली. मी बाही दुमडली आणि ते उपसले. विचार त्यानंतर आला. पाणी अर्धे उतरल्यावर त्यात काही चमकू लागले. ते काय आहे हे मी खात्यातल्या कोणाहीपेक्षा लवकर ओळखायला हवे होते. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे मी स्वतः शेकडो विहिरींत सोडले आहेत. बूच परत बसवेपर्यंत तुझे मासे नळीवाटे मुंबईच्या भूमिगत व्यवस्थेत दाखल झाले होते. तेथे डास विपुल आहेत, एवढेच समाधान.

तू असतीस तर काहीही बोलली नसतीस. फक्त सायंकाळी जेवताना वाटीतली आमटी माझ्याकडे सरकवली नसतीस.

दोन दिवसांच्या पावसाने हौद भरला. मासे मात्र पन्हळीतून येत नाहीत. म्हणून काल मी विनीतकडे गेलो. माझ्या हाताखाली होता, आता त्याच्याच हाताखाली माणसे आहेत.

"साहेब, तुम्ही? आणि मासे?" तो म्हणाला. "कुठे सोडायचेत? पत्ता लिहावा लागेल."

"लिहा: हौद, धार्मिक."

"साहेब, तब्येत बरी आहे ना?"

त्याने मासे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून दिले. ती पिशवी तू हातात धरली नसतीस, हे मला ठाऊक आहे. पण कापडी पिशवीत मासे राहत नाहीत.

अडचण अशी की काल अनंत चतुर्दशी होती. सारे गिरगाव चौपाटीकडे निघालेले, आणि मी एकटाच उलट दिशेने, छातीशी पाण्याची पिशवी धरून. टोपी घातलेल्या एका स्वयंसेवकाने दोरीपाशी अडवले.

"काका, मूर्ती कुठाय?"

"मूर्ती नाही. मासे आहेत."

त्याने पिशवीत वाकून पाहिले. "विसर्जन करायचंय?"

"नाही. स्थापना."

त्याने क्षणभर विचार केला, दोरी वर केली आणि मागच्यांना ओरडून सांगितले, "ए, काकांना जाऊ दे, त्यांचं उलटं आहे." गर्दीने मला वाट दिली. इतक्या आदराने मला नोकरीत कोणी वाट दिली नव्हती.

मासे आता हौदात आहेत. त्यांना पूर्वीच्या माशांविषयी काही सांगितलेले नाही.

मनमोहन

गिरगाव, रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय प्रफुल्लता,

आज उपासनेनंतर नाना साळवे अंगणाच्या दारापाशी आले. हातात मोजपट्टी, मागे कमलाबाई. त्यांचा गुडघा आता फारच त्रास देतो. पायरी चढताना त्यांनी एक हात नानांच्या खांद्यावर ठेवला होता आणि दुसरा देवाच्या, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

"आढावसाहेब, दार उघडा. माप घ्यायचंय."

"ठराव अद्याप मंजूर झालेला नाही."

"माप घ्यायला ठराव लागतो?"

"माझ्या माहितीप्रमाणे माप ठरावानंतर येते."

"आयुष्यभर तुम्ही लोकांच्या घरात न विचारता घुसलात, पिंपं ओतलीत. आता मला नियम सांगता?"

यात तथ्य होते, म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केले. मी त्यांना तुझे मत सांगितले. पृथ्वी परमेश्वराची आहे, आपण तिचे मालक नसून कारभारी आहोत. पहिल्या माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, तिच्यात गाडी लावण्यासाठी नव्हे. शेवटचे वाक्य माझे आहे. ते म्हणताना मला समाधान वाटले, हे कबूल करतो.

नाना म्हणाले, "पहिल्या माणसाला गुडघे नवीन होते. कमलाला नाक्यापासून चालवत नाही. टॅक्सीवाला गल्लीत आत येत नाही, त्याला वळायला जागा नाही. महिन्यातले तीन रविवार ती घरी बसून मोबाईलवर उपासना बघते. प्रभुभोजनाला समोर ग्लुकोजचं बिस्कीट ठेवते. तुमचं अळू देवाचं आणि माझी बायको कोणाची?"

यावर तुझ्याकडे उत्तर होते का?

कमलाबाई बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, जरा कढीपत्ता मिळेल का? चार काड्या."

तुझा नियम मला माहीत होता. कोणीही केव्हाही येऊन झाड ओरबाडू नये म्हणून तू कढीपत्ता फक्त शुक्रवारी सायंकाळी आणि स्वतःच्या हाताने देत असस. मी म्हणालो, "शुक्रवारी या."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्या 'बरं'मध्ये काहीतरी होते. मला ते ओळखता आले नाही. अशा वेळी घरी परतल्यावर तू मला अर्थ सांगत असस.

जाताना नाना म्हणाले, "किल्ल्या ऑफिसात जमा करा. देवळाची मालमत्ता आहे."

मी म्हणालो, "किल्ल्या निमंत्रकाकडे राहतील." त्यानंतर मी दार आतून लावून घेतले आणि डबक्यांची पाहणी केली. पाहणीस सायंकाळ झाली. अंगणात डबके एकही नाही, परंतु अशी पाहणी घाईने करता येत नाही. हल्ली मी ती रोज करतो.

अँटॉप हिलहून आकांक्षाचा फोन होता. "पप्पा, दिवसभर कुठे असता? घरचा फोन उचलत नाही." समितीचे काम वाढले आहे, असे तुझ्या मुलीला सांगितले. ती म्हणाली, "समितीत कोण कोण आहे?" मी म्हणालो, सध्या मी. आणि थांबलो. 'आणि मम्मी' असे तोंडात आले होते.

मनमोहन

गिरगाव, सोमवार, २२ सप्टेंबर

प्रिय प्रफुल्लता,

एक अनपेक्षित घडामोड. तुला परळचे जॉन वाघचौरे आठवत असतील. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या रविवारी गायनवृंदात पेटी कोण वाजवणार यावरून त्यांचे भांडण झाले, ते पेटी तशीच टाकून बाहेर पडले आणि पुन्हा देवळात आले नाहीत. तो मुलगा, सुशांत, आता तिशीचा आहे. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात आहे. डिसेंबरात लग्न करायचे म्हणतो, आणि ते आपल्याच देवळात. पाळकसाहेबांनी विचारले, बाप्तिस्मा? तो म्हणाला, पेटीमुळे राहिला.

काल पाळकसाहेब त्याला घेऊन अंगणात आले. मी आतच होतो. सुशांत चांगला भरभक्कम आहे. हौदापाशी उभा राहून त्याने विचारले, "काका, हे कशाला आहे?"

मी त्याला सांगितले की मंडळीचा पहिला मिशनरी संपूर्ण बुडवण्याच्या मताचा होता. त्याने हौद बांधला. त्याच्यामागून आलेले मिशनरी तीन थेंबांच्या मताचे होते, म्हणून हौद कोरडा पडला, तो माझ्या पत्नीने भरेपर्यंत.

सुशांतने पाण्याकडे पाहिले. "पास्टर, मग मला ह्यातच करा ना."

"कपाळावर पाणी शिंपडलं तरी चालतं, सुशांत. आपली पद्धत तीच आहे."

"लहान बाळांचं ठीक आहे हो. मी एवढा माणूस. तीन थेंबांत माझं काय होणार? एवढा उशीर झालाय तर फुल बुडवा. होलसेलमध्ये."

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी आजवर कोणालाही पाण्यात घातलेले नाही. पद्धत मोबाईलवर पाहून ठेवतो, असे ते म्हणाले.

आपल्या मंडळीच्या घटनेत दोन्ही प्रकारांस मुभा आहे, हे मी पाहून ठेवले आहे. विधीची तारीख पाच ऑक्टोबर ठरली. ती मी सुचवली. त्याच दिवशी नानांच्या ठरावाचा निर्णय आहे, हे माझ्या लक्षात होते. ज्या हौदात सकाळी बाप्तिस्मा झाला तो दुपारी डेब्रिजने बुजवू नये असा कोठेही नियम नाही; पण पंचांना संकोच वाटेल, अशी आशा आहे. ही युक्ती तुला आवडली नसती. तुला सरळ भांडायला आवडे. नाताळच्या गोठ्यावर थर्माकोलचा बर्फ पसरणाऱ्या तरुणसंघास तू जाब विचारलास, "बेथलेहेमात बर्फ पडल्याचा पुरावा आणा," तेव्हा मी सर्वांत मागच्या बाकावर बसून स्तोत्रसंहिता चाळत होतो. मला तुझा अभिमान वाटत होता. हे तेव्हा सांगायचे राहिले.

मनमोहन

गिरगाव, रविवार, २८ सप्टेंबर

प्रिय प्रफुल्लता,

आज पंचमंडळीची सभा झाली. विषय: हौदात मासे असताना बाप्तिस्मा ग्राह्य ठरतो काय.

नाना उभे राहिले. "मला बाप्तिस्म्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण माशांसकट? उद्या लोक म्हणतील, ह्यांच्याकडे माणूस बुडवला की कालवण फुकट."

पाळकसाहेब म्हणाले, "नाना, यार्देनेत मासे नव्हते का?"

"यार्देन वाहती नदी. हे डबकं."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. प्रफुल्लता, तेहतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या मताची इतकी निकड कोणास भासली नव्हती. मी उभा राहिलो आणि सांगितले की ज्या साठ्यात गप्पी मासे जिवंत आहेत आणि अळी आढळत नाही, तो खात्याच्या व्याख्येनुसार डबके नव्हे. "आढळत नाही कशावरून?" असे कोणी विचारले. मी म्हणालो, "मी रोज पाहतो." तेथेच थांबलो असतो तर मासे बहुमताने मंजूर झाले असते. परंतु मी पुढे तुझ्याविषयी बोललो. तू एकटीने ती जागा कशी राखलीस, आणि मंडळीने, जिला ही जबाबदारी देवाने सोपवली आहे तिने, साधा खराटाही कसा उचलला नाही, असे बरेच.

नाना बसूनच म्हणाले, "उचलला असता. खराटा आत होता. कुलूप बाहेर होतं."

कोणी हसले नाही.

"खोटं बोलतोय का मी? बाई गेल्या, त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण ती बाग मंडळीची होती कधी? आढावबाईंची बाग, आढावबाईंचं कुलूप, आढावबाईंचा शुक्रवार."

मी म्हणालो की शुक्रवार हा सर्वांना खुला होता.

तेव्हा कमलाबाई बोलल्या. सभेत त्या कधी बोलत नाहीत. "भावजी, तुम्ही सांगितलंत म्हणून मी परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या शुक्रवारी आले. दार आतून बंद होतं. आत कोणीतरी खोकत होतं. म्हटलं, बरं नसेल. मी परत गेले."

मला सर्दीची लक्षणे जाणवू लागल्याने मी सभा संपण्यापूर्वी निघालो.

मला खोकला झालेला नाही, प्रफुल्लता. त्या शुक्रवारीही झालेला नव्हता. अंगणातल्या दगडी बाकावर बसून मी काय करत होतो ते तुला कळवण्याची आवश्यकता नाही. कमलाबाईंनी ते दाराबाहेर उभे राहून ऐकले, त्या गुडघ्याने नाक्यापर्यंत परत चालत गेल्या, आणि आज चारचौघांत त्याला खोकला म्हणाल्या.

मनमोहन

गिरगाव, बुधवार, १ ऑक्टोबर

प्रिय प्रफुल्लता,

आपण उभयतांनी वाद घालण्याची पद्धत ठरवून घेतली होती: मी मुद्दे मांडायचे आणि तू स्वयंपाकघरात निघून जायचे. आज तू जाऊ शकत नाहीस, म्हणून हे वाचावेच लागेल.

माझे म्हणणे असे. आपण कारभारी आहोत, मालक नाही, हे तू मला लग्नापासून ऐकवलेस. ते मला मान्य आहे. पण कारभाऱ्याने मालकाच्या इतर लेकरांना दाराबाहेर उभे करावे, असे त्यातून निघत नाही. तू कुलूप का लावलेस ते मला ठाऊक आहे. तरुणसंघ पहिल्याच वर्षी तुझी रोपे तुडवून तेथे बॅडमिंटन खेळला होता. तुला राग आला, तू कुलूप आणलेस, आणि राग गेल्यावर कुलूप काढायचे राहून गेले. मग बाग वाढत गेली आणि तिच्यासाठी भांडणारी माणसे कमी होत गेली. आता मत द्यायची वेळ आली, तर बाजूने एक मी आणि काही मासे.

तू चुकलीस असे मी तुला हयातीत दोनदा म्हणालो आणि दोन्ही वेळा चूक माझी निघाली. या वेळी नाही. मात्र माझी चूक तुझ्याहून मोठी आहे. तू झाडांसाठी दार बंद केलेस. मी स्वतःसाठी केले. मला वाटत होते की दार लावले की तू आत राहतेस.

काल मी कढीपत्त्याची एक मोठी फांदी घेऊन परळला साळव्यांकडे गेलो. दार कमलाबाईंनी उघडले. फांदीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"आज मंगळवार ना, भावजी?"

"होय. नियमात शिथिलता आणली आहे."

त्या हसल्या. "खोकला कसा आहे?"

"अधूनमधून असतो."

"राहायचाच. ह्यांची आई गेली तेव्हा ह्यांना दोन वर्षं होता," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. आतून नानांचा आवाज आला, "मला कसला खोकला?"

चहा झाल्यावर मी नानांपुढे प्रस्ताव ठेवला. देवळाच्या बाजूची बोळ पूर्वी मोकळी होती. आता तीत तुझ्या कुंड्या आहेत. त्या काढल्या, अळूचा कोपरा थोडा मागे सारला, तर टॅक्सी थेट बाजूच्या दारापर्यंत येऊन अंगणाच्या तोंडाशी वळू शकते. कमलाबाईंना दोन पायऱ्यांपेक्षा जास्त चालावे लागणार नाही. पेव्हर ब्लॉक नकोत, हौद बुजवायला नको. आणि किल्ल्या ऑफिसातल्या खिळ्यावर राहतील, ज्याला हव्या त्याने घ्याव्यात.

नानांनी बशी खाली ठेवली. "कुंड्या कोण हलवणार?"

"मी."

"तुम्ही? तुम्ही पेन खाली पडलं तर शिपायाला बोलावणारे." मग म्हणाले, "ठराव मागे घेणार नाही. पंचांपुढे मांडलाय. इज्जतीचा प्रश्न आहे. पण बघू."

आज सकाळी मी कुंड्या हलवायला गेलो तर नाना आधीच तेथे होते. आम्ही दोघांनी मिळून त्या हलवल्या. एकमेकांशी बोललो नाही, कारण त्यासाठी लागणारा श्वास दोघांकडेही नव्हता. जास्वंदीची एक कुंडी फुटली. ती कोणाच्या हातून फुटली याविषयी दोन मते आहेत.

मनमोहन

गिरगाव, रविवार, ५ ऑक्टोबर

प्रिय प्रफुल्लता,

आजचा वृत्तान्त.

कमलाबाई टॅक्सीने बाजूच्या दारापर्यंत आल्या. टॅक्सीवाला वळताना अळूचा बराचसा भाग घेऊन गेला.

उपासनेनंतर सारी मंडळी अंगणात आली. दार सताड उघडे होते. इतकी माणसे तेथे मावतील असे मला वाटले नव्हते. तरुणसंघातील मुली खतखड्ड्यात वाकून पाहत होत्या. एक गृहस्थ माझ्या देखत कच्चे लिंबू तोडून खिशात घालत होते. आकांक्षा जावयांसह आली होती. ती बाकावर तुझ्या जागी बसली आणि मी तिला उठवले नाही. जॉन वाघचौरेही आले. गायनवृंदाने पेटी आणली होती. ती पाहून ते दूर कढीपत्त्यापाशी जाऊन उभे राहिले.

पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात हौदात उतरले. पाणी त्यांच्या कंबरेपर्यंत आले. त्यामागून सुशांत उतरला आणि पाणी काठावरून बाहेर आले, त्याबरोबर दोन मासेही. ते मी रुमालात धरून परत सोडले. विधीत त्यामुळे खंड पडला नाही.

पाळकसाहेबांनी प्रश्न विचारले, सुशांतने उत्तरे दिली. मग पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्यांनी त्याला मागे झुकवले. येथपर्यंत मोबाईलवर दाखवल्याप्रमाणे झाले. सुशांत पूर्णपणे बुडाला. तेथून त्याला वर काढणे मात्र त्यांना जमेना. तळाशी शेवाळ होते. ते ओढत, त्यांचाच पाय घसरे, आणि सुशांत विधीचा मान राखून स्वतः हालचाल करत नव्हता. पाण्यावर फक्त बुडबुडे येत होते. गायनवृंदाने कडवे संपवून पुन्हा तेच सुरू केले.

"अहो, धरा त्याला कोणीतरी," कमलाबाई म्हणाल्या.

मी बूट काढू लागलो. ओल्या जागी बूट घालून उतरू नये, हा नियम माझ्या अंगात भिनलेला आहे. मी दुसऱ्या नाडीपाशी होतो तेव्हा नाना साळवे रविवारच्या सुटाबुटात, घड्याळासकट, हौदात उतरले. दुसरीकडून मी उतरलो, एक बूट पायात आणि एक काठावर. सुशांतच्या बखोटीला दोन्हीकडून धरून आम्ही त्याला वर काढले.

त्याने तोंड पुसले, श्वास घेतला आणि विचारले, "झालं?"

"झालं," पाळकसाहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, किंवा हौदातले असेल.

तेव्हा कढीपत्त्यापाशी जॉन वाघचौरे मोठ्याने रडू लागले. ते पुढे आले, पेटीवाल्या मुलास बाजूला सारले आणि स्वतः वाजवू लागले. सूर लागत नव्हते. सर्वांनी म्हटले. मीही म्हटले. तू मला गाऊ देत नसस, ते योग्यच होते.

नाना अजून पाण्यात उभे होते, कंबरेपर्यंत. आपल्या सुटाकडे पाहत होते. मी त्यांना हात दिला.

"आढावसाहेब, हे माझ्यासाठी धरलं जाणार नाही ना? माझा एकदा झालेला आहे."

मी त्यांना आश्वासन दिले की दुसरा बाप्तिस्मा आपली मंडळी मानत नाही.

वर आल्यावर त्यांच्या कोटाच्या खिशातून एक मासा निघाला. ते तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिले. मासा उडत होता. मग ते वाकले, दोन्ही हात पाण्यात घातले आणि तो सोडला. "केवढुसा जीव आहे," ते म्हणाले. "आणि आम्ही वर डेब्रिज टाकणार होतो." हे ते माझ्याशी बोलले नाहीत. मी ऐकले नाही असे दाखवले. ही कला मी कमलाबाईंकडून शिकलो आहे.

पंचांची सभा अंगणातच झाली, कारण नानांना त्या अवस्थेत देवळाच्या लाकडी बाकांवर बसवण्यास कोणी तयार नव्हते. ठराव पुकारला गेला. नाना उभे राहिले. त्यांच्या पँटमधून पाणी गळत होते. "सूचक म्हणून मी हा ठराव पुढील विचारार्थ ठेवण्याची विनंती करतो," ते म्हणाले. देवळाच्या मनोऱ्यावरील घड्याळ दुरुस्त करण्याचा ठराव आपल्या लग्नाच्या वर्षी पुढील विचारार्थ ठेवला होता, आणि ते घड्याळ अद्याप बंद आहे. तेव्हा अंगण सुरक्षित आहे असे समजण्यास हरकत नाही.

समितीत आता सात जण आहेत. कमलाबाई शुक्रवारी खतखड्डा पाहतील. नाना अळूची जबाबदारी घेतो म्हणाले. त्यांना ते मुख्यत्वे कापायचे आहे असे दिसते. तरुणसंघाने बॅडमिंटनविषयी विचारले. मी नाही म्हणालो. तुझे एवढे राखले आहे.

चार वाजेपर्यंत सारे गेले. आकांक्षाने विचारले, "पप्पा, थांबू का?" मी म्हणालो, पाच मिनिटांत येतो. बाकावर बसलो. तू आहेस का ते पाहिले. नव्हतीस. कढीपत्त्याच्या बऱ्याच फांद्या ओरबाडलेल्या होत्या, लिंबे गेली होती, जमिनीवर इतक्या पावलांचा चिखल होता की एखादे तुझे असते तरी ओळखू आले नसते. मला वाईट वाटेल असे वाटले होते. वाटले, पण खोकला आला नाही. हौदात मासे वर येऊन तोंडे उघडझाप करत होते.

एक बूट ओला असल्याने चालताना आवाज होत होता. बाहेर आलो. दार ओढून घेतले, कुलूप लावले, ओढून पाहिले. किल्ल्या ऑफिसात परत केल्या.